तांब्याच्या पत्र्यावरचा पूल

आमच्या शाळेच्या वाचनालयात चित्रकलेवरील एक जाडजूड ग्रंथ आहे. त्याची बांधणी सैल झाल्यामुळे तो घरी नेण्यास परवानगी नाही. परंतु मधल्या सुटीत तेथेच टेबलावर उघडून पाहण्यास कोणाची हरकत नसते. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी नववीतील तीन-चार विद्यार्थी त्या ग्रंथाच्या एका पानाभोवती डोकी जुळवून उभे होते. पानावर काळ्या रेघांनी काढलेले एका पुलाचे चित्र होते आणि त्यावरून वाद माजला होता. एकाचे म्हणणे, हे चित्र दौत-टाकाने काढले असले पाहिजे. दुसरा म्हणे, छे, हा जुना फोटोच आहे. तिसरी विद्यार्थिनी मात्र गप्प राहून चित्र न्याहाळीत होती. मला पाहताच तिने विचारले, "सर, तिथं गेलं तर हा पूल पाहायला मिळेल का हो?"

मी म्हटले, "नाही. हा पूल मोडून दीडशेहून अधिक वर्षे झाली."

"मग चित्रातला पूल खरा कशावरून?"

इतक्यात घंटा झाली. प्रश्न लहान होता, परंतु त्याचे उत्तर मधल्या सुटीत मावण्याजोगे नव्हते. ते सावकाश द्यावे म्हणून हा लेख लिहिण्यास घेतला आहे.

ते चित्र पॅरिस शहरातील 'पाँ-ओ-शांज' या पुलाचे असून शार्ल मेरियाँ या फ्रेंच चित्रकाराने ते १८५४ साली केले. सुमारे पंधरा सेंटीमीटर उंच आणि तेहतीस सेंटीमीटर लांब, म्हणजे आपल्या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तर त्यांखाली सहज झाकून जाईल एवढेच ते आहे. पण त्यात एक सबंध शहर वसले आहे. मधून सीन नदी वाहते. तिच्यावर दगडी कमानींचा पूल आडवा पसरला असून त्यावर माणसांची वर्दळ आहे. उजव्या हातास जुन्या राजवाड्याचे बुरूज आहेत. त्यांच्यापैकी चौकोनी बुरुजावर चौदाव्या शतकापासून शहराला वेळ सांगत आलेले घड्याळ असते. पुलापलीकडे नदीचे पाणी उपसून शहराला पुरविणाऱ्या यंत्राचे उंच घर दिसते. खाली पाण्यात एक होडी आहे. तिच्याजवळ एक माणूस बुडतो आहे. आणि वर आकाशात एक मोठा फुगा तरंगत चालला आहे. त्या काळी पॅरिसवासीयांना असे फुगे नवीन नव्हते. माणसाने फुग्यातून पहिले उड्डाण केले ते १७८३ साली त्याच शहरात. या चित्रातल्या फुग्यावर 'स्पेरांझा' असा शब्द लिहिलेला आहे. हा शब्द इटालियन भाषेतला असून त्याचा अर्थ 'आशा' असा आहे. खाली माणूस बुडत आहे आणि आशा मात्र वरच्या वर निघून जात आहे, असा हा देखावा आहे.

पुलाच्या नावाचीही एक गंमत आहे. 'शांज' म्हणजे नाण्यांची अदलाबदल. मध्ययुगात या पुलावर नाणी बदलून देणाऱ्यांची दुकाने होती, त्यावरून हे नाव पडले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर हा 'सराफांचा पूल' होय. पुलावर दुकाने आणि घरे कशी, असे तुम्हांस वाटेल. परंतु त्या काळी युरोपातील पुष्कळ पुलांवर दोन्ही बाजूंनी घरांच्या रांगा असत. चित्रात दिसणारा पूल १६३९ ते १६४७ या काळात बांधलेला होता आणि त्याला सात कमानी होत्या. त्याच्यावरील घरे १७८८ च्या सुमारास काढून टाकण्यात आली. मेरियाँने पाहिला तो घरे गेल्यानंतरचा मोकळा पूल होय.

आता पहिल्या वादाकडे वळू. हे चित्र टाकाने काढलेले नाही आणि फोटोही नाही. हे 'एचिंग' आहे. मराठीत त्यास अम्लरेखन म्हणतात. त्याची कृती समजण्यासाठी आधी आपण आपल्याच स्वयंपाकघरात डोकावू. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमसुलांचे सार ठेवू नये, ते कळकते, असे आपली आजी सांगते. अशा भांड्यांना आतून कल्हई लावीत, ती याच कारणासाठी. आंबट पदार्थातील अम्ल तांब्यावर काम करते आणि कल्हईचा पातळ थर त्याला तांब्यापर्यंत पोहोचू देत नाही. आता कल्पना करा, अशा एखाद्या भांड्याच्या कल्हईवर कोणी सुईने ओरखडा काढला. मग अम्ल त्या ओरखड्यापुरतेच आत शिरेल आणि बाकीचे भांडे सुरक्षित राहील. अम्लरेखनाची सर्व युक्ती एवढीच आहे.

चित्रकार तांब्याचा गुळगुळीत पत्रा घेतो. तो किंचित तापवून त्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ लेप देतो. हीच त्याची कल्हई. पुष्कळदा तो लेप मेणबत्तीच्या धुरावर धरून काळा करतात, म्हणजे त्यावर काढलेली रेघ तांबूस चमकते व नीट दिसते. मग बोथट सुईने तो चित्र काढू लागतो. येथे तांबे कोरावयाचे नसते. सुईने केवळ लेप खरवडून तांबे उघडे करावयाचे असते. म्हणून हात कागदावर चालावा तसा मोकळा चालतो. आपल्या प्राचीन राजांचे ताम्रपट तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात पाहिले आहेत. त्यांवरील अक्षरे छिन्नीने धातू कापून कोरलेली असत. तेथे सारे बळ हाताचे. अम्लरेखनात कापण्याचे काम अम्ल करते.

चित्र पुरे झाले की पत्र्याची पाठ आणि कडा रोगणाने झाकून तो अम्लात बुडवितात. जुने चित्रकार यासाठी नायट्रिक अम्ल वापरीत. आपल्याकडे सोनाराच्या दुकानात सोन्याचा कस पाहण्यासाठी जे 'तेजाब' असते, ते हेच. फ्रेंच भाषेत त्याचे जुने नाव 'जहाल पाणी' अशा अर्थाचे आहे, आणि अम्लरेखनालाही फ्रेंच लोक त्याच नावाने ओळखतात. इंग्रजी 'एचिंग' हा शब्दही ज्या डच व जर्मन शब्दांवरून आला, त्यांचा मूळ अर्थ 'खाऊ घालणे' असा आहे. पत्रा अम्लाला खाऊ घालावयाचा! उघड्या रेघांवर बुडबुडे धरू लागतात, द्रव निळसर-हिरवा होतो, आणि चित्रकार पक्ष्याच्या पिसाने ते बुडबुडे हळूच झाडीत राहतो. कारण बुडबुडा रेघेवर बसून राहिला तर तेवढी जागा न खाल्लेली राहते.

थोड्या वेळाने पत्रा बाहेर काढून धुतात. ज्या रेघा फिकट हव्या असतील, जसे दूरच्या घरांची छपरे किंवा ढगांच्या कडा, त्या रोगणाने झाकून टाकतात आणि पत्रा पुन्हा अम्लात सोडतात. असे दोन, तीन, चार वेळा करतात. सर्वांत शेवटपर्यंत उघड्या राहिलेल्या रेघा सर्वांत खोल होतात. पुलाच्या कमानीखालचा दाट अंधार तयार होतो तो असा. म्हणजे या कलेत दूर आणि जवळ हा भेद वेळेने साधलेला असतो. जे दूर आहे ते अम्लात थोडा वेळ राहिले. जे जवळ आहे ते पुष्कळ वेळ राहिले.

शेवटी लेप पुसून पत्रा स्वच्छ करतात आणि त्यावर जवसाच्या तेलात खललेली दाट काळी शाई चोपडतात. मग विरळ विणीच्या कापडाने पृष्ठभाग पुसून घेतात. वरची शाई निघून जाते, पण रेघांच्या खाचांत शिरलेली शाई तेथेच राहते. या पत्र्यावर ओलसर कागद, कागदावर लोकरीची जाड कापडे, असे रचून ते दोन लोखंडी रुळांच्या मधून दाबून काढतात. ओला कागद खाचांत शिरतो आणि तेथली शाई उचलून आणतो. खऱ्या अम्लरेखनाच्या कागदावर बोट फिरविले तर रेघा किंचित उठून आलेल्या लागतात आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडांचा दबलेला ठसा दिसतो. फोटो कोणता आणि अम्लरेखन कोणते हे ओळखण्याची ही एक सोपी खूण आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पत्र्यावरचे चित्र कागदावर आरशातल्यासारखे उलटे उमटते. म्हणून कागदावर राजवाडा उजवीकडे यावा यासाठी मेरियाँला तो पत्र्यावर डावीकडे काढावा लागला. सारे पॅरिस त्याने आधी मनात उलटे करून मग रेखाटले.

हा मेरियाँ कोण? त्याचा जन्म २३ नोव्हेंबर १८२१ रोजी पॅरिस येथे झाला. वडील इंग्रज डॉक्टर, आई पॅरिसच्या ऑपेरात नृत्य करणारी. ऐन तारुण्यात तो फ्रेंच नौदलात दाखल झाला, आणि १८४२ ते १८४६ या काळात 'ल रँ' नावाच्या युद्धनौकेवरून त्याने पृथ्वीच्या दुसऱ्या टोकापर्यंत, न्यूझीलंडपर्यंत, प्रवास केला. तेथील किनाऱ्यांची आणि होड्यांची चित्रे तो काढीत असे. परत आल्यावर नौदल सोडून चित्रकार व्हावे असे त्याने ठरविले. पण एक मोठीच अडचण आडवी आली. त्याला तांबडा आणि हिरवा हे रंग नीट ओळखता येत नसत. रंगांधळ्या माणसाने तैलचित्रे कशी रंगवावीत? असा प्रसंग आला असता दुसरा एखादा कुंचला कायमचा खाली ठेवता. मेरियाँने रंगांचा नाद सोडला आणि जेथे केवळ काळे आणि पांढरे यांचेच राज्य आहे अशी कला शोधली. १८४८ च्या सुमारास तो अम्लरेखन शिकू लागला.

शिकण्यासाठी त्याने जुन्या गुरूंच्या चित्रांवरून नकला केल्या. त्यांत सतराव्या शतकातील डच चित्रकार रेनिएर नोम्स याच्या पॅरिसच्या देखाव्यांचा समावेश होता. हा नोम्स स्वतः दर्यावर्दी होता, म्हणून लोक त्याला 'झेमान', म्हणजे खलाशी, असेच म्हणत. एका खलाशाने दोनशे वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या खलाशाला गुरू केले. पुढे १८५० ते १८५४ या चार-पाच वर्षांत मेरियाँने पॅरिसच्या देखाव्यांची आपली प्रसिद्ध मालिका पुरी केली आणि ती या झेमानलाच अर्पण केली. त्या मालिकेत पुलांना मोठे मानाचे स्थान आहे. १८५० चे 'पती पाँ', म्हणजे 'छोटा पूल', १८५३ चे 'पाँ नफ', म्हणजे 'नवा पूल', आणि १८५४ चे हे 'पाँ-ओ-शांज'.

याच वर्षांत त्या शहरावर मोठे स्थित्यंतर येऊ घातले होते. १८५३ साली सम्राट तिसऱ्या नेपोलियनने ओस्मान नावाच्या अधिकाऱ्याची पॅरिसच्या प्रशासनावर नेमणूक केली. ओस्मानने पुढील सतरा वर्षे शहर उलथेपालथे केले. अरुंद, अंधाऱ्या, रोगट गल्ल्या पाडून रुंद सरळ रस्ते काढले. जमिनीखालून गटारे नेली. शुद्ध पाण्याची सोय केली. पटकीच्या साथींनी गांजलेल्या शहराला त्याची आवश्यकता होती, यात शंका नाही. परंतु त्याच कुदळीखाली शेकडो वर्षांची जुनी वस्तीही गेली. मेरियाँच्या 'पती पाँ' या चित्रातील जुना पूल १८५३ मध्ये नाहीसा झाला; त्याच्या जागी एका कमानीचा नवा पूल आला. पाणी उपसणारे यंत्रघर १८५८ च्या सुमारास पाडण्यात आले. आणि १८५८ ते १८६० या काळात सात कमानींचा 'पाँ-ओ-शांज' मोडून त्याच्या जागी तीन कमानींचा नवा पूल बांधला गेला. आज पॅरिसला जाणाऱ्यास दिसतो तो हा नवा पूल. त्यावर सम्राटाच्या नावाचे आद्याक्षर कोरलेले आहे.

म्हणजे मेरियाँचे चित्र पुरे झाल्यावर अवघ्या चार वर्षांत खरा पूल मोडावयास सुरुवात झाली. तांब्याच्या पातळशा पत्र्यावरील पूल तेवढा उरला.

पण मूळ प्रश्न अजून शिल्लकच आहे. हा पत्र्यावरचा पूल खरा कशावरून?

येथे अम्लरेखनाचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. पत्रा एकदा तयार झाला म्हणजे काम संपले असे नसते. त्यावरून काही प्रती छापून झाल्यावर चित्रकार त्यात फेरफार करू शकतो. नको असलेली रेघ पोलादी पात्याने खरवडून, घोटून नाहीशी करता येते. खळगा पडला तर पत्रा मागून ठोकून वर आणता येतो. पुन्हा लेप देऊन नव्या रेघा काढता येतात. अशा प्रत्येक बदलानंतर छापलेल्या प्रतींना त्या चित्राची एक-एक 'अवस्था' असे म्हणतात. 'पाँ-ओ-शांज' या चित्राच्या अशा कितीतरी अवस्था आहेत. लंडनचे ब्रिटिश म्युझियम, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम अशा ठिकाणी मेरियाँच्या चित्रांच्या प्रती जपून ठेवलेल्या आहेत. एकाच चित्राच्या निरनिराळ्या अवस्था शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे त्या माणसाच्या आयुष्याचा आलेखच डोळ्यांसमोर उभा राहतो.

कारण या मधल्या काळात मेरियाँचे मन ढासळत चालले होते. त्याच्या चित्रांना गिऱ्हाईक नव्हते. दारिद्र्य होते. आपल्याविरुद्ध कोणी कट करीत आहे असे भास त्याला होऊ लागले. १८५८ साली त्याला पॅरिसजवळच्या शारांतों येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. पुढच्या वर्षी तो बाहेर आला आणि आपले जुने पत्रे घेऊन पुन्हा कामास बसला. तेव्हा त्याने 'आशा' नावाचा तो फुगा आकाशातून खरवडून टाकला आणि त्या जागी मोठमोठ्या पक्ष्यांचा थवा काढला. कवी बोदलेर याला मेरियाँच्या कलेविषयी मोठा आदर होता. १८५९ सालच्या आपल्या चित्रसमीक्षेत त्याने महानगराचा गंभीर भव्यपणा दाखविणारा कलावंत म्हणून त्याचा गौरव केला होता. १८६० च्या जानेवारीतील एका पत्रात त्याने या दोघांच्या भेटीची हकीकत लिहिली आहे. पॅरिसच्या आकाशात इतके गरुड असणे संभवनीय दिसत नाही, असे बोदलेरने म्हटले; त्यावर मेरियाँने, सम्राटाच्या सरकारने शकुन पाहण्यासाठी गरुड सोडले होते, असे अगदी गंभीरपणे सांगितले. पुढे हे पक्षीही गेले. त्यांच्या जागी लहान-मोठ्या फुग्यांचा ताफा आला, आणि त्यांतल्या एका फुग्यावर नाव आहे 'वास्को द गामा'!

हे वाचून आपल्याकडील मुलांना हसू येईल. ज्याच्या नावाच्या गावी आपण आगगाडीत चढतो, तो पॅरिसच्या आकाशात फुग्यावर! परंतु मेरियाँ मूळचा दर्यावर्दी होता हे विसरता कामा नये. १४९८ साली समुद्रमार्गे आपल्या देशाच्या किनाऱ्यास लागलेल्या त्या नावाड्याचे नाव एका जुन्या खलाशाच्या मनात असावे, यात नवल नाही.

१८६६ मध्ये मेरियाँला पुन्हा शारांतोंला न्यावे लागले. तेथेच १४ फेब्रुवारी १८६८ रोजी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला.

आता पाहा, या सर्व अवस्थांत काय बदलले आणि काय राहिले. आकाश बदलले: आधी फुगा, मग पक्षी, मग पुन्हा फुगे. पूल मात्र तोच राहिला. ज्या सुमारास मेरियाँ आकाश खरवडीत बसला होता, त्याच सुमारास बाहेर नदीवर मजूर खऱ्या पुलाचे दगड काढीत होते. त्याला वाटते तर नवा तीन कमानींचा पूलही पत्र्यावर काढता आला असता. त्याने तसे केले नाही. आकाशात त्याने आपले मन मांडले. पुलाच्या ठिकाणी त्याने डोळ्यांनी पाहिले तेच ठेवले.

म्हणून त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. एकच चित्र काही ठिकाणी साक्षीदार असते आणि काही ठिकाणी कवी असते. कोठे काय, हे पाहणाऱ्याने पारखावयाचे असते. इतिहासात आपण बखर वाचतो तेव्हा ती सबंध खरी किंवा सबंध खोटी मानीत नाही. समकालीन पत्रांशी आणि कागदांशी ती ताडून पाहतो. चित्रालाही हाच न्याय लावावा. पुलाच्या कमानी सात होत्या हे इतर आधारांवरून ठरते. राजवाड्याचे बुरूज आजही उभे आहेत. त्यांच्याशी चित्र जुळवून पाहता येते. त्या काळी फोटोची कला नुकतीच उदयास आली होती, आणि जुन्या पॅरिसचे शार्ल मार्व्हिलसारख्यांनी घेतलेले फोटो उपलब्ध आहेत. या कसोटीला मेरियाँ पुष्कळ अंशी उतरतो, पण सर्वत्र नाही. 'पती पाँ' या चित्रात पुलामागे नोत्र दाम या चर्चचे मनोरे दिसतात. नदीकाठाच्या त्या सखल जागेवरून प्रत्यक्षात दिसतील त्यांपेक्षा ते मनोरे त्याने मुद्दाम अधिक उंच काढले आहेत. त्याला ते तेवढे उंच वाटले. ती उंची पाहून आपण मनोऱ्यांचे माप घेऊ नये. एका माणसाच्या मनातील शहराचे माप घ्यावे. दोन्ही मापांचा उपयोग आहे, मात्र त्यांची गल्लत होता कामा नये.

ही कला आपल्यापासून फार दूरची आहे असेही नाही. मडगावला जन्मलेले थोर चित्रकार लक्ष्मण पै १९५० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये राहिले होते आणि तेथील प्रसिद्ध कलाशाळेत त्यांनी भित्तिचित्रणाबरोबर अम्लरेखनाचेही शिक्षण घेतले. पुढे ते गोव्याच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ज्या शहरात मेरियाँने पत्रे अम्लात बुडविले, त्याच शहरात आपला एक गोमंतकीय तीच कृती शिकला, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावी.

आणि पूल तर आपल्याही पाचवीला पुजलेले आहेत. नद्यांच्या मुलखात राहणाऱ्याला पुलावाचून गत्यंतर नाही. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा सतराव्या शतकातील लांबलचक दगडी पूल अजूनही वापरात आहे. याउलट, मांडवीवरील पहिला मोठा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. माझा जन्म त्यानंतरचा. तो पूल मी पाहिलेला नाही. पूल पडल्यावर पुन्हा फेरीबोटीसाठी लागलेल्या रांगांची हकीकत तेवढी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. आज त्या ठिकाणी तीन पूल शेजारी शेजारी उभे आहेत, आणि तेथून जाताना पहिला पूल कसा होता हे मला कोणालातरी विचारावे लागते. प्रत्येकाचे उत्तर निराळे येते. एखाद्या शाळकरी मुलाने त्या पुलाचे चित्र आपल्या वहीत काढून ठेवले असते तर ते मी आनंदाने पाहिले असते.

वाचनालयातील त्या प्रसंगानंतर दिवाळीच्या सुटीत मी वर्गाला एक काम दिले होते. आपल्या गावातील एखादा पूल, साकव किंवा धक्का जवळून पाहावा, कमानी असतील तर त्या मोजाव्या, आणि त्याचे चित्र काढून आणावे. तांब्याचा पत्रा आणि तेजाब आपल्याजवळ नाही. पेन्सिल आणि कागद पुरे. सुटी संपल्यावर बरीच चित्रे आली. बहुतेकांनी उगवता सूर्य, दोन डोंगर आणि नारळाची झाडे अशी नेहमीची आरास करून मध्ये पूल बसविला होता. त्या विद्यार्थिनीने मात्र आपल्या वाड्यावरील ओहोळाचा जुना साकव काढला होता. येत्या उन्हाळ्यात तो काढून त्या जागी सिमेंटचा पूल व्हावयाचा आहे. गाडी घरापर्यंत येईल म्हणून वाड्यावरील सारी मंडळी खूश आहेत, आणि तीही खूश आहे. साकवाच्या फळ्या तिने मोजल्या होत्या. मोडलेली फळी मोडलेलीच दाखविली होती. वर आकाशात पंख पसरलेली एक घार होती. कागदाच्या कोपऱ्यात तारीख लिहून तिने खाली बारीक अक्षरात एक ओळ लिहिली होती: "घार त्या दिवशी नव्हती, ती मी मनाने काढली आहे. बाकी सर्व पाहून."

ते चित्र मी वाचनालयातील त्या जाड ग्रंथात, मेरियाँच्या पुलाच्या पानाशी ठेवून दिले आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी मधल्या सुटीत यावे.